गाडी रिकामी नव्हती

आमच्या गावाच्या शाळेपुढे एक दगड उभा आहे. रहिमतपूरहून साताऱ्याकडे जाताना एस.टी.च्या खिडकीतूनही तो दिसतो. चीनच्या लढाईत गेलेल्या आमच्या गावच्या जवानाचा तो दगड. त्याच्यावर चार ओळी कोरल्या आहेत आणि चारही माझ्या आहेत. त्यांत थोडं खोटं आहे असं म्हटलं तर ते अपुरं होईल. त्याचं गाव खरं आणि त्याचं मरण खरं. मधलं सगळं मी घातलेलं आहे.

त्यातल्या शेवटच्या दोन ओळी अशा आहेत:

एकला वाघ पुलावरी
रिकामी गाडी माघारी

मी तेव्हा विशीत होतो. शिक्षकाची परीक्षा दिली होती, नोकरी अजून लागली नव्हती. पंचक्रोशीत एक नावाजलेले शाहीर होते, त्यांच्या फडासाठी मी पोवाडे लिहून द्यायचो. लढाई सुरू झाली तशी त्यांना दर दोन दिवसांनी कुठून तरी बोलावणं येऊ लागलं. कधी सातारा, कधी वाई, कधी कोरेगाव. संरक्षण निधीच्या सभा असायच्या. आधी पुढाऱ्याचं भाषण, मग पोवाडा, आणि पोवाडा संपला की बायका बांगड्या, फुलं, डोरली काढून परातीत टाकायच्या. माझ्या शब्दांवर ती परात भरते, हे मला कळत होतं. त्या वयात एवढं कळणं वाईट.

चावडीवर रेडिओ होता. गाव त्याच्याभोवती बसायचं. आमच्या गावची कितीतरी पोरं फौजेत, त्यामुळे बातम्या ऐकताना कुणी खोकतही नसे. पण त्या बातम्यांत ‘माघार’ हा शब्द आम्ही ऐकल्याचं मला आठवत नाही. फौजा दुसऱ्या ठाण्यांवर गेल्या, असं काहीतरी असायचं. म्हातारे माजी सैनिक एकमेकांकडे बघायचे. ठाणं बदललं म्हणजे माघार, हे त्यांना कळत होतं.

मग गावात तार आली. आमच्यातला एक गेला. कर्तव्यावर असताना मृत्यू, एवढंच त्यात होतं. कसा, कुठं, काही नाही. त्याची आई दारात बसून राहिली आणि येईल त्याला एकच विचारू लागली, “कसा गेला माझा?” उत्तर कुणाकडेच नव्हतं.

उत्तर असलेला माणूस पुढे काही दिवसांनी आला. तोही आमच्याच आळीतला; मी, गेलेला आणि तो तिघंही एका वर्गातले. फौजेत ट्रकवर ड्रायव्हर होता. थंडीने पायाची बोटं गेल्यामुळे त्याला सुट्टीवर पाठवलं होतं. काठी टेकत चालायचा. गुऱ्हाळाचे दिवस होते. एका दुपारी तो आणि मी काहिलीपासून जरा लांब, चिपाडांच्या ढिगाला पाठ लावून बसलो आणि त्याने मला सगळं सांगितलं.

हुकूम आला होता की ठाणं सोडायचं, आजारी आणि जखमी खाली न्यायचे. त्याच्या गाडीत ते भरले. आमचा वर्गमित्र त्या ठाण्यावरच पहाऱ्याला होता. उंचीवर त्याच्या छातीत पाणी झालं होतं. दोघांनी त्याला उचलून आणलं. आडवं केलं की श्वास लागायचा, म्हणून त्याला मागे न टाकता केबिनमध्ये याच्या शेजारी बसवलं. पूल ओलांडताना कुणी गोळी झाडली नाही. शत्रू तेव्हा त्या पुलाच्या आसपासही नव्हता. सपाटीला लागायच्या आत तो गेला. त्याचं डोकं याच्या डाव्या खांद्यावर होतं. याने गाडी थांबवली नाही, कारण मागे जिवंत माणसं होती.

“त्येच्या आईला सांगू कसं?” असं त्याने मला विचारलं. “तू शिकलेला हायस. तूच सांग.”

त्याने मला एवढंच काम दिलं होतं.

मी ते शाहिरांकडे घेऊन गेलो. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाले, “आरं, पर ह्येचा पोवाडा कसा हुईल? छातीत पाणी झालं न् गाडीत मेला, ह्यावर डफ कुठं मारू?”

“मग राहू द्या.”

“ऱ्हाऊ दे कसं? साताऱ्याला मोठी सभा हाय. त्येची आई पुढं बसणार हाय. गावचा गडी गेला न् आपण दुसऱ्याच गावचा गाऊ व्हय?” मग म्हणाले, “पुलावर उभा कर त्येला. आन् हे बघ, मर्द मेला म्हंजी कुठंतरी दगा झाला पायजे. न्हाईतर मर्द मरंल कसा? पोवाड्याला एक फितूर लागतो.”

पोवाड्याचा हा साचा त्यांनी केलेला नव्हता. आमच्या देवळामागे जुने वीरगळ आहेत, झिजलेले. खालच्या चौकटीत लढणारा माणूस, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा. लहानपणापासून पाहतोय, एकाही वीरगळावर आजारी माणसाला पाठीवर घेऊन उतरणारा कुणी नाही. ज्याला दगड नाही त्याला कुणी आठवत नाही, आणि दगडावर जे बसत नाही ते घडलंच नाही असं आम्ही धरून चालतो. हे मी आज सांगतो. त्या दिवशी मी नुसता घरी गेलो आणि लिहायला बसलो.

फितूर शाहिरांनी मागितला, पण गाडी त्यांनी मागितली नव्हती. ती मी दिली, वाघाला पुलावर सोडून पळणारी. आणि ‘रिकामी’ हा शब्द तर सर्वस्वी माझा. ‘भरली गाडी माघारी’ असंही बसलं असतं. अक्षरं तेवढीच. पण भरलेली गाडी पळाली तर ऐकणाऱ्याला राग येत नाही.

साताऱ्याच्या सभेत तो पोवाडा झाला. आई पुढे खुर्चीवर होती. वाघ पुलावर उभा राहिला तेव्हा तिने पदर तोंडात धरला आणि मान ताठ केली. आता ‘कसा गेला’ हे तिला कळलं होतं. लोक टाळ्या वाजवत होते, परात फिरत होती. मी शाहिरांच्या मागे ‘जी जी’ची साथ करणाऱ्या झीलकऱ्यांत उभा होतो, तिथून मला मांडवाची कड दिसत होती. तो तिथं काठी घेऊन उभा होता. ‘रिकामी गाडी’ आली तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मग वळून हळूहळू गेला. पायाला बोटं नसलेला माणूस भरभर जाऊ शकत नाही, म्हणून ते मला बराच वेळ पाहावं लागलं.

पोवाड्यात त्याचं नाव नव्हतं. गरजही नव्हती. आमच्या गावात फौजेतला ड्रायव्हर एकच होता.

पुढे तो पेन्शनवर आला आणि कारखान्याला ऊस घालणाऱ्या ट्रकवर लागला. ट्रक मागे घेऊ लागला की आळीतली पोरं ओरडायची, “रिकामी गाडी माघारी, जी जी!” त्यांना वाटायचं ही गंमत. ती पोरं मोठी झाली, त्यांची पोरं ओरडू लागली. मी मास्तर झालो होतो. काही वर्षं वाईच्या शाळेत होतो. तिथेही दरवर्षी स्नेहसंमेलनात तोच पोवाडा बसवायचो, कारण मुख्याध्यापक म्हणायचे, “तुमचा तो पुलाचा पोवाडा घ्या गुरुजी, लोकांना आवडतो.” मी घ्यायचो. गावी गेलो आणि तो समोरून आला तर “राम राम” म्हणायचा. त्यापुढे कधी एक शब्द बोलला नाही. शाळेपुढच्या दगडाला दरवर्षी हार घालतात, सगळे माजी सैनिक पदकं लावून येतात. तो कधीच आला नाही. लोक म्हणायचे, “कुठल्या तोंडानं येईल?”

आई गेली, तिचं समाधान घेऊन गेली. त्यानंतर तरी मला बोलता आलं असतं.

गेल्या दिवाळीनंतर सांगलीच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापक बाई माझ्याकडे आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या. त्या लढाईतल्या माघारीच्या आठवणी जमवत होत्या. फोनवर रेकॉर्डिंग लावून तो टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “आजोबा, साधारणपणे एवढ्या छोट्या घटनेला एखादाच आधार मिळतो. तुमच्या पुलाच्या लढाईला तीन आहेत. पोवाडा आहे, जिल्ह्याच्या इतिहासाच्या पुस्तकात उल्लेख आहे, आणि गावातल्या वृद्धांच्या आठवणी आहेत. तिन्ही जुळतात.”

“जुळणारच,” मी म्हणालो. “तिन्हींचं तोंड एक आहे.”

मग मी त्यांना क्रम सांगितला. पोवाडा आधी. तो साताऱ्याच्या एका दिवाळी अंकात छापून आला. पुस्तकवाल्यांनी तो अंक वाचला आणि पडताळणीसाठी ते आमच्या गावात आले. गावात त्यांना एका म्हातारीने पुलाचं असं वर्णन सांगितलं, की लाकडी होता, खाली पांढरं पाणी होतं. ती बाई जन्मात कोरेगावच्या पुढे गेली नव्हती. ती खोटं बोलत नव्हती. वर्षानुवर्षं ऐकून तिला तो पूल दिसत होता. खरं सांगायचं तर मलाही दिसतो.

बाईंनी फोन बंद केला नाही. त्यांनी विचारलं, “मग खरं काय?”

मी सांगितलं. गुऱ्हाळ, चिपाडं, केबिन, डावा खांदा.

“आजोबा, वाईट वाटून घेऊ नका,” त्या म्हणाल्या, “पण याला आधार काय? सगळे जुने पुरावे एका बाजूला आणि तुमची आजची आठवण एका बाजूला. फौजेच्या नोंदीत मृत्यूची जागा मला तरी सापडली नाही. मी कशावर विश्वास ठेवायचा?”

मला राग आला नाही. त्यांचं बरोबर होतं. मी रचलेल्या खोट्याला साठ वर्षांत भक्कम पुरावे मिळाले होते आणि खऱ्याला एकही नव्हता. एकच माणूस होता, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता.

तरीही मी कदाचित त्याच्याकडे गेलो नसतो. पण गावाने नवं स्मारक ठरवलं होतं, आणि त्याच आठवड्यात त्याचा फोटो माझ्यापुढे आला. गेलेल्या जवानाचा पुतण्या समितीचा अध्यक्ष. शेतकरी माणूस, स्वतःही फौजेत राहून आलेला, मनाने सरळ. माझ्याकडे कौतुकाने फोन धरून म्हणाला, “गुरुजी, तुमचा पोवाडाच उभा केलाय बघा.” सांगलीच्या एका शिल्पकाराकडे मातीचं काम चाललं होतं. ते झालं की साचा काढून पितळेत ओतणार होते. फोटोत पूल होता, बंदूक घेतलेला वाघ होता आणि त्याच्या पाठीमागे वळणावर जाणारी एक गाडी होती. गाडीचा मागचा फळका उघडा पडला होता आणि आत कुणी नव्हतं.

पोरं ओरडायची थांबली होती. आजच्या पोरांना पोवाडा येत नाही. आता ते पितळ ओरडत राहणार होतं.

फोटो माझ्या फोनवर घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या वस्तीवर गेलो. तो म्हशीला वैरण टाकत होता. मला पाहून पेंढी टाकली नाही, हातातच धरून उभा राहिला.

“काय मास्तर? आज इकडं कुठं?”

मी फोन पुढे केला. त्याने तो लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला.

“ही गाडी माझी?”

“होय.”

“फळका उघडा का ठिवलाय?”

“आत कुणी नाही हे दिसावं म्हणून.”

“फळका उघडा ठिवून घाटात गाडी कोण घालतंय रं? माणसं सांडतील की.” मग फोन माझ्या हातात देत म्हणाला, “कुणी सांगितलं त्येला, गाडी रिकामी व्हती म्हणून?”

“मी.”

“ते मला ठाव हाय. साताऱ्यापासनं ठाव हाय. तुझ्या तोंडानं ऐकायचं व्हतं.”

त्याने वैरण टाकली. मी उभाच होतो. त्याने बस म्हटलं नाही. माझ्या मनात बोलायचं बरंच होतं, वाटेत जुळवलंही होतं.  एवढंच म्हणालो, “गाव तुला पळपुटा म्हणालं ते माझ्यामुळं.”

“म्हणू दे की! पळालोच व्हतो मी. हुकमानं पळालो. गाडीत दम व्हता तेवढा काढून पळालो. न्हाईतर मागची समदी तिथंच ऱ्हायली असती.” त्याचा आवाज चढला. “मला पळपुटा म्हणल्याचं काय न्हाई मास्तर. पर ती माणसं? माझ्या गाडीत बसलेली? त्येंचं काय केलंस तू? एक मद्राशी व्हता, त्येची भाषा मला येत नव्हती, खड्डा आला की नुसता फळीवर हात मारायचा. एक लय लहान व्हता. एक अंगानं दांडगा, त्यो दुसऱ्यांना धरून बसला व्हता. तू एका शब्दात समदी खाली उतरवलीस. कुठं गेली रं ती?”

याचा मी साठ वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. माझं पाप मला एकाच माणसाचं वाटत होतं.

“सांगलीला चल माझ्याबरोबर,” मी म्हणालो. “माती अजून ओली आहे.”

पुतण्याची गाडी होती. काम बघून येऊ, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. ड्रायव्हरला बघून तो जरा अवघडला, पण म्हाताऱ्या माणसाला नको कसं म्हणायचं, म्हणून पुढे बसवलं. मी मागे. कऱ्हाड सोडल्यावर मी बोलायला लागलो आणि संपेपर्यंत थांबलो नाही. पुतण्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. उसाने भरलेले ट्रॅक्टर शेजारून जात होते, त्यांच्या टेपचा आवाज येत होता. 

“गुरुजी, आमची आजी ह्या पोवाड्यावर जगली.”

“माहीत आहे.”

“आता म्हणताय त्यो लढलाच न्हाई?”

 त्याने शेजारी पाहिलं. “आबा, खरं व्हय हे?”

“पूल मोकळा व्हता,” ड्रायव्हर म्हणाला. “कुणीबी न्हवतं पुलावर. तुझा चुलता माझ्याशेजारी व्हता, आत्ता तू बसलाईस त्येच्या उलट्या अंगाला. खांद्यावर डोकं टाकून.” त्याने स्वतःच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. “बरफ पडत व्हतं.”

इथे एक नोंदवलं पाहिजे. गुऱ्हाळावर त्याने मला पाऊस सांगितला होता. बर्फ त्यात नव्हता. मी तिथे दुरुस्त केलं नाही. माझ्यासारख्याने त्याचं काय दुरुस्त करायचं? पण माझ्या खोट्याला जशी साठ वर्षं लागली तशी त्याच्या खऱ्यालाही लागली आहेत, हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

 मला वाटलं पुतण्या आता गाडी वळवेल. मग त्याने हळूच विचारलं, “काका काही बोलले का?”

“लय बोलला. श्वास न्हाई न् बडबड सुटंना. मला म्हणतो, बैलगाडी हाकतोस व्हय रं, गियर तर नीट टाक. तुझ्या बापानं तरी कवा गाडी बघितली व्हती का म्हणतो.”

पुतण्या हसला. हसता हसता त्याचा चेहरा बिघडला. “अजून?”

“शिव्या घातल्या. त्या सांगत न्हाई, मास्तर मागं बसल्यात.”

“सांगा की आबा.”

त्याने सांगितल्या. अस्सल आमच्या आळीतल्या शिव्या. पुतण्याच्या घरात एका मळक्या फोटोखेरीज त्या माणसाचं काही नव्हतं. ‘वाघ’, ‘मर्द’, ‘वीर’ हे सगळं मी दिलेलं होतं आणि त्यांतून कुणाचाही चेहरा दिसत नाही. पुतण्या विचारत राहिला, आवाज कसा होता, खायला काय मागितलं, आईचं काही म्हणाला का. “आईला म्हणावं शेंगा पाठवू नको, हितं ओल्या हुत्यात,” असं म्हणाला होता. पुतण्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि त्यांवर कपाळ टेकलं. 

शिल्पकाराची शेड सांगलीच्या बाहेरच्या अंगाला आहे. मातीवर ओली गोणपाटं टाकली होती. त्याने ती काढली. फोटोपेक्षा ते फार मोठं होतं आणि चांगलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. पुलावरच्या माणसाकडे पाहून माझ्याही अंगावर काटा आला. पुतण्या त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिला.

“हा काढा,” तो म्हणाला.

शिल्पकाराला वाटलं काही चुकलं. “काढू? सगळा?”

“पुलावर कुणी नको. केबिनमध्ये दोघंजण करा. एक गाडी चालवतोय, एकाचं डोकं त्याच्या डाव्या खांद्यावर.”

“पण अध्यक्ष, मग लढाई कुठं आहे यात? लोक काय बघतील?”

“ह्या आबांना विचारा.”

ड्रायव्हर तोवर गाडीच्या मागच्या बाजूला गेला होता. बोटाने फळका वर ढकलून बघत होता. ओली माती त्याच्या बोटाबरोबर वर आली.

“ह्यो आधी लाव,” तो म्हणाला. “आन् आत माणसं बसीव.”

शिल्पकाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने बादलीतून मातीचा गोळा घेतला, मळला आणि गाडीच्या आत अंगठ्याने एक डोकं बसवलं. मग शेजारी दुसरं. एवढ्या लहान जागेत नाकडोळे करता येत नाहीत, नुसते आकार होते. ड्रायव्हर वाकून बघत होता. एकदा म्हणाला, “त्येला जरा त्येच्या अंगावर टेकीव. ह्या दांडग्यानं धरलं व्हतं त्येला.” शिल्पकाराने टेकवलं.

तिसरं बसवताना त्याने विचारलं, “किती करायची, आबा?”

“तू कर. मी सांगतो तवा थांब.”

तो करत राहिला. मी बादली त्याच्याजवळ सरकवली. बराच वेळ झाला तरी ड्रायव्हर थांब म्हणाला नाही.